मधोमध कापलेला झेंडा

आघाडीने देशाला फसवलं, आणि मी दोरिनला. यातली पहिली गोष्ट मी शारजात भेटेल त्याला सांगत आलोय, अगदी चिडून. दुसरी कुणालाच सांगितली नाही. बायकोलाही नाही.

इथल्या औद्योगिक भागात माझं जुन्या गिअरबॉक्सचं वर्कशॉप आहे. स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं, हे म्हणायला मला आवडतं. ऑफिसात माझ्या खुर्चीमागे एक झेंडा होता — निळा, पिवळा, लाल, आणि मधोमध गोल भोक. मी रुमानियात शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकत होतो तेव्हा तिथला हुकूमशहा पडला, आणि लोकांनी झेंड्यांतून कम्युनिस्टांचं चिन्ह कापून काढलं. गिऱ्हाइकाने विचारलं की मी सांगायचो, हा मी कापला, हा घेऊन मी चौकात उभा राहिलो.

कापला होता दोरिनने. आईच्या शिवणाच्या कातरीने. तो माझ्याच खोलीत राहायचा.

हुकूमशहा गेल्यावर देशाचा कारभार आघाडी म्हणवणाऱ्या एका नव्या गटाने हाती घेतला. आम्ही तात्पुरते, निवडणुका होईपर्यंतच, असं लोकांना सांगितलं. आणि बघता बघता तीच आघाडी पक्ष होऊन निवडणुकीला उभी राहिली — टीव्ही तिच्याकडे, कचेऱ्या तिच्याकडे. शब्द देऊन भाव बदलणारा माणूस मला आजही सहन होत नाही. डोकं फिरतं. तेव्हाही फिरलं होतं. आघाडीविरुद्ध लोक चौकात धरणं धरून बसले होते, पण तिथे झेंडा घेऊन गेला दोरिन. मी खोलीत बसून तावातावाने बोललो फक्त.

मग — कसं सांगू — वसतिगृहाच्या रेक्टरने मला बोलावलं. कालपर्यंत कम्युनिस्ट, आज आघाडीचा माणूस. तुमच्या मजल्यावरून चौकात कोण जातं, एक नाव दे, म्हणाला. डिग्री होईपर्यंत तुझी खोली पक्की.

इतकी वर्षं मी स्वतःला समजावलं की मी घाबरलो. परका मुलगा, व्हिसा त्यांच्या हातात, कोण घाबरणार नाही? पण घाबरलेला माणूस पटकन बोलून मोकळा होतो. मी बोललो नाही. गप्प बसून राहिलो — समोरचा आणखी काय देतो ते बघत. आजही गिऱ्हाइकासमोर मी तसाच बसतो. रेक्टरने बोली वाढवली. तुझी तोंडी परीक्षा आधी घेऊ, म्हणाला, ओळखीच्या परीक्षकाकडे.

तेव्हा मी नाव दिलं.

मी घाबरलो नव्हतो. मी सौदा केला होता.

दोरिनला वसतिगृहातून काढलं, परीक्षेला बसू दिलं नाही. जाताना त्याने झेंडा माझ्याच हातात दिला. जपून ठेव, म्हणाला. तो ट्रकवर लागला. मी इंजिनिअर होऊन इकडे आलो.

गेल्या महिन्यात तो माझ्या ऑफिसात बसला होता. आता त्याचे स्वतःचे ट्रक आहेत, जुन्या ओळखीने रुमानियाहून माझ्याकडे गिअरबॉक्स बघायला आला होता. तेवढ्यात आमचे कुलकर्णी आले, अबुधाबीला मोहम्मद बिन झायद सिटीत राहतात, जुनं गिऱ्हाईक. झेंडा बघून त्यांनी विचारलं, आणि मी — सवयीने म्हणा, निर्लज्जपणे म्हणा — दोरिनच्या देखत तीच गोष्ट मराठीत ऐकवली.

"शेठ, तुम्ही तर क्रांतिकारक निघालात," कुलकर्णी म्हणाले. "मग भावात पण होऊ द्या की थोडी क्रांती." हसत निघून गेले.

दोरिनने विचारलं, "त्याला काय सांगितलंस?"

काहीही सांगता आलं असतं. त्याला मराठी कुठे येतं? पण तो झेंड्याकडे इतक्या कौतुकाने बघत होता, की मला पुढचं खोटं सुचलंच नाही. सगळं सांगितलं. रेक्टर, खोली, परीक्षा. मी कसा गप्प बसून राहिलो तेही.

तो तळहात चोळत म्हणाला, "मला वाटायचं मिहाईने सांगितलं."

मिहाई त्याचा सख्खा भाऊ. आघाडीच्या पक्षात गेला होता. तेव्हापासून दोरिन त्याच्या घरी जेवलेला नाही. हे मला माहीत नव्हतं. मी माहीत करून तरी कधी घेतलं होतं?

"फक्त तोंडी परीक्षा?" त्याने विचारलं. "स्वस्तात दिलंस मला." आणि उठता उठता, "आता गिअरबॉक्सचा भाव तरी उतरव."

नाही उतरवला. उतरवला असता तर तोही सौदाच झाला असता.

मी झेंडा काढून त्याला दिला. तो घडी काखेत घेऊन बाहेर गेला, पत्र्याच्या सावलीत उभा राहिला आणि फोन लावला. काचेतून मला एवढंच दिसलं की आधी तो बोलत होता आणि मग नुसता ऐकत होता, डोळ्यांवर हात ठेवून.

हलकं वाटतंय. मला वाटायला नको, पण वाटतंय.

खुर्चीमागे आता भिंतीचा स्वच्छ चौकोन उरलाय. कुलकर्णींनी परवा विचारलं, "शेठ, झेंडा कुठे गेला?" मी त्यांना बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी भाव केला नाही.

आघाडीने जाब द्यायलाच हवा, हे मी आजही म्हणतो. पण तिच्याआधी मी.