पहिल्या फटक्यात

आत्या रोज सकाळी, चहाच्याही आधी, एक सुई ओवायची. शिवायला नव्हे. खिडकीशी उभी राहून ती हातशिलाईची बारीक सुई डाव्या हातात धरायची, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायची आणि नेढ्यातून एकदाच घालायची. गेला तर कामाला लागायचं. नाही गेला तर सुई परत टाचण्या-सुयांच्या उशीत टोचायची, आणि त्या दिवशी कात्रीला हात लावायचा नाही. मग ती ताडपत्र्यांच्या कडांना पितळी रिंगा ठोकायची, मापं घ्यायला बाहेर पडायची, जुनी शिवण उसवत बसायची, पण नवं कापड कापायची नाही. "चुकीचं कापलेलं जोडता येतं, पण ते आयुष्यभर जोडलेलंच दिसतं," म्हणायची. दुसऱ्यांदा प्रयत्न करताना मी तिला कधी पाहिलं नाही.

आतोबा गेल्यावर ती आमच्या घरी आली ती शिलाई मशीन घेऊनच. खालच्या खोलीत तिनं दुकान थाटलं. बोटींची छतं, ट्रकच्या ताडपत्र्या, दुकानांवरचे पडदे. खोलीला मेणाचा आणि नव्या कॅनव्हासचा वास असे. जमिनीवर कापड पसरून ती गुडघ्यांवर रांगत खडूनं रेघा मारायची, आणि कापडाच्या त्या टोकाला पोचेपर्यंत दुपार झालेली असायची. गिऱ्हाइकं तोंडावर तिला ताई म्हणत. पाठीमागे तिचं नाव ताडपत्री. तिला ते ठाऊक होतं. "ऊन-पाऊस आत येऊ देत नाही, यात वाईट काय आहे?" असं ती मला म्हणाली होती.

पाण्यात ती उतरली तीही कामापायीच. गावातल्या स्कूबावाल्यांनी सिलिंडर पाठीला बांधायचे पट्टे शिवायला आणून दिले. पट्टे महिन्याभरात परत आले, खांद्याशी झिजून. आत्यानं विचारलं, "कुठे घासतात?" त्यांनी कोरड्या जमिनीवर उभं राहून दाखवलं. तिला ते पटेना. "पट्टा पाण्यात घासतो आणि तुम्ही मला अंगणात दाखवताय. मला खाली न्या." तेव्हा तिनं चाळिशी ओलांडली होती. माझ्या बाबांनी कपाळाला हात लावला. "माणसं या वयात तब्येतीसाठी टेकडी चढतात. आमची ताई खाली निघालीय."

पट्टे सुधारले, पण आत्या पाण्यातच राहिली. हळूहळू ती खोल उतरायला शिकली. तिथे साधी हवा माणसाला दारूसारखी चढते, म्हणून सिलिंडरमध्ये हेलियम मिसळून न्यावा लागतो. वरही सरळ येता येत नाही. दोरीला धरून टप्प्याटप्प्यावर थांबत, अंगात मुरलेला वायू सावकाश बाहेर जाऊ देत यावं लागतं. खाली वीस मिनिटं काढली तर वर यायला तासाहून जास्त. "चढलेलं उतरायला वेळ लागतोच," असं ती सांगायची, जणू सगळ्याच गोष्टींबद्दल बोलतेय.

वर्षातून एकदा समुद्र शांत असताना तिचा गट आठवडाभर बोटीवर मुक्कामाला जायचा, उबदार पाण्यात बुडालेली जुनी जहाजं बघायला. गटात ती, एक दातांचा डॉक्टर, ज्याला आम्ही दातवाला म्हणायचो, आणि वायरिंगची कामं करणारा एक माणूस, ज्याला सगळे नुसतं वायर म्हणत. बोटीचा कप्तान चौथा, पण तो कधी पाण्यात उतरला नाही. त्या तिघांच्या पाठीवरचे पट्टे आत्यानं शिवलेले होते, आणि गटाचे नियमही तिनंच शिवल्यासारखे पक्के केले होते. त्यातला पहिला अंगठ्याचा. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ एकच: वर चला. कुणीही करावा, केव्हाही करावा, आणि बाकीच्यांनी त्या क्षणी मागे वळावं. कारण विचारायचं नाही. चहा होईपर्यंत तर नाहीच.

हा नियम घरातही शिरला होता. आई माझ्या लग्नाचा विषय काढायची, आणि मी तोंड उघडण्याआधी आत्या ताटावरून अंगठा वर करायची.

"वन्सं, हे पाणी नाही, जेवणाचं टेबल आहे," आई म्हणायची.

"पोरीचा श्वास बघ कसा चाललाय. वर घे तिला," आत्या भाजी वाढून घेत म्हणायची. आणि विषय खरंच तिथे थांबायचा.

तिला एका जहाजाचा ध्यास होता. मालवाहू, फार जुनं, वाळूवर सरळ बसलेलं. त्याच्या मधल्या कोठारात शिलाई मशिनी होत्या. खोकी कधीच कुजून गेलेली, पण मशिनी जशा लादल्या तशाच ओळीत उभ्या, असं कप्तानानं आधी उतरलेल्यांकडून ऐकून तिला सांगितलं होतं. एका वर्षी प्रवाह आडवा आला. पुढच्या वर्षी वायरचा कान दुखला आणि त्यानं अर्ध्यातून अंगठा दाखवला. आत्या एका क्षणात वळली. तिसऱ्या वर्षी ती निघाली तेव्हा बाबांनी विचारलं, "ताई, खाली आहे ती मशीन आणि वर आहे ती मशीन, फरक काय?"

"वरची मी चालवते. खालचीला कुणी हातच लावला नाही. कोरी करकरीत गेली बिचारी. निदान कुणी जाणकारानं बघून तरी यावं."

पुढचं मला दातवाल्यानं सांगितलं, आणि आत्यानं त्यात दुरुस्त्या केल्या.

जहाजावर पोचायला सगळं अनुकूल होतं. पाणी इतकं स्वच्छ की डोलकाठीवर बसलेली पोवळी वरूनच दिसत होती. तिघं दोरीनं खाली गेले, डेकवरून पोहत कोठाराच्या तोंडाशी आले. वायर तिथेच थांबणार होता. आत्या आणि दातवाला आत जाणार होते. आत शिरण्याआधी आत्याची एक सवय होती: जादा सिलिंडरचा पितळी हुक उजव्या हातानं, न बघता, कमरेच्या डाव्या बाजूच्या रिंगेत अडकवायचा. एकदाच.

दातवाल्यानं तेवढ्यात बॅटरी आत फिरवली. गाळातून वर आलेलं एक चाक चमकलं. मग दुसरं. मग त्यांची रांग, अंधारात जाणारी. त्यानं आनंदानं आत्याकडे वळून बघितलं. तिचा हात कमरेशी होता. हुक रिंगेच्या कडेला आपटला आणि निसटला. तिनं पुन्हा अडकवला, लागला. तिनं एकदा त्या चाकांकडे पाहिलं, तिचीही बॅटरी क्षणभर तिथे स्थिरावली. मग तिनं अंगठा वर केला.

वर यायला नेहमीसारखाच वेळ लागला. तासभर तिघं एका दोरीला लटकून एकमेकांची तोंडं बघत होते, आणि दातवाल्याचं तोंड मास्कच्या आतूनही फुगलेलं दिसत होतं, असं आत्या म्हणायची.

बोटीवर अंग पुसून झालं. चहा झाला. कप खाली ठेवताठेवताच दातवाला म्हणाला, "ताई, आता विचारू?"

"विचार."

"काय झालं?"

"हुक पहिल्या फटक्यात लागला नाही."

"दुसऱ्या फटक्यात लागला ना?"

"दुसऱ्या फटक्यात कुणालाही लागतो."

वायर हसायला लागला. "म्हणजे भरल्या ताटावरून उठून आलो की आपण!"

"ताट कुठे पळत नाही. जेवणारे जागेवर राहिले म्हणजे झालं."

दातवाल्याला हसू येईना. "तीन वर्षं, ताई. दोन हातांवर होत्या मशिनी. कुणाला कळलं असतं?"

"तुला. आत्ताच म्हणालास, दुसऱ्या फटक्यात लागला. म्हणजे बघत होतास."

आत्यानं बिस्किटाचा पुडा त्याच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या जहाजावर उतरायचा तो शेवटचा दिवस, दातवाला डेकवर दात घासत होता. तो फार वेळ दात घासतो, धंदाच तो. आत्या सिलिंडरांच्या फळीवर बसून सुई ओवत होती. दोरा नेढ्याच्या कडेला लागून वाकला. तिनं सुई खाली घेतली. थोडा वेळ ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली, दुसऱ्याच्या शिवणीकडे बघावं तशी. मग सुई उशीत टोचली.

"आज तू आणि वायर खाली. मी वर."

दातवाल्यानं घाईनं चूळ भरली. "वारा आहे, ताई. वाऱ्यानं हलला दोरा."

"काल खाली पण वारा होता का?"

"मग आत नका येऊ. दारात थांबा. मी आत जातो, वायर वर राहील. तुम्हाला दारातून दिसतील तरी."

आत्या हसली. "अरे, आत जाणाऱ्याचं काही चुकलं तर दारातला सावरतो. दारात उभं राहणाराच धड लागतो. वायर धड आहे, त्याला घेऊन जा."

"पुढच्या वर्षी मग."

"पुढच्या वर्षी हा हात आणखी वर्षानं जुना. राहू दे आता. माझी खोल पाण्यातली पाळी झाली. बस इथे, मी सांगते ते नीट ऐक. मशीनची बाही असते, चाकाकडून सुईकडे जाणारी. तिच्याखाली हात घालून बघ कोपरापर्यंत जातो का. लांब बाही असेल तर ती जड कापडाची मशीन. आणि सुईचा दांडा जाड आहे का बारीक ते बघ. काही उचलायचं नाही. गाळ उडवायचा नाही."

"ताई, मी दातांचा डॉक्टर आहे हो."

"तेच करायचंय. तोंडात हात घालून आत काय आहे ते सांगायचंय. रोज करतोस."

तिनं दोघांचे पट्टे स्वतः तपासले, प्रत्येकाला आपापल्या सिलिंडरमधला वायू आपणच मोजायला लावला, आकडे मोठ्यानं म्हणायला लावले आणि दोघांना पाण्यात सोडलं.

मग बोटीवर ती आणि कप्तान. छताचं एक टोक वाऱ्यानं फाटलं होतं. आत्यानं ते मांडीवर ओढून घेतलं. दोरा काढला, मेणावर ओढला. सुई हातात घेतली आणि थांबली. कप्तान सांगतो की इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच असं काही म्हणाली: "कप्तान, एवढा दोरा ओवून द्या."

त्याची बोटं केळीच्या घडासारखी. त्यानं सुई उन्हाकडे धरली, जीभ बाहेर काढली, आणि पाचव्या-सहाव्या खेपेला दोरा गेला. आत्यानं तोवर समुद्रावरची नजर हलवली नाही. बुडबुडे वर येत होते, दोन माणसांचे, नीट वेगवेगळे. ते दिसत असताना तिनं ते टोक शिवून काढलं. बारीक, सरळ टाका. हात शिवायला तयार होता, फक्त ओवायला नाही म्हणत होता.

दोघं वर आले. चहा झाला. या वेळी आत्याच आधी बोलली. "हं. बोल."

"कोपरापर्यंत गेला हात," दातवाला म्हणाला. "त्याच्याही पुढे. बाही एवढी." त्यानं हवेत माप धरलं आणि आत्यानं त्या हवेला टेप लावावी तशी वीत टेकवली.

"आणि दांडा?"

"जाड. माझ्या करंगळीएवढा."

"मग ताडपत्रीच्याच." तिचा चेहरा उजळला. "सुई होती?"

"एकीत होती बहुतेक."

"बहुतेक?"

"होती. होती, ताई. शपथ."

"ओवलेली?"

वायर हसताहसता उताणा पडला. "ताई, जहाज बुडालंय ते! शिंपी दुकान बंद करून जेवायला नाही गेला!"

दातवाल्यालाही हसू फुटलं. "गाळ इतका बसलाय सगळ्यांवर, की पांढरी चादर घातल्यासारखं दिसतं."

"कापड टाकायला हवं होतं कुणीतरी," आत्या म्हणाली, आणि दुसरा चहा मागितला.

परत आल्यावर डॉक्टरांनी मनगटातली नस दबलीय असं सांगितलं. ऑपरेशन करा म्हणाले. आत्या म्हणाली, बघू. ती बोटीवर जातच राहिली. उथळ पाण्यात उतरायची, बाकी वेळ वर थांबून सगळ्यांना शिस्तीत ठेवायची, आणि गट मोठा होत गेला, कारण ती वर असताना माणसं निर्धास्त खाली जात. दातवाला आता कोठाराच्या दारात उभा राहतो. बाकीचे आत जाण्याआधी तोही हुक एकदाच अडकवतो.

घरी सुई मी ओवू लागले. सकाळी कॉलेजला जाण्याआधी चार-पाच सुया ओवून उशीत टोचून ठेवायचे. माझा पहिला फटका चुकला की ती मागून म्हणायची, "आज परीक्षा असेल तर पेपर नीट वाच."

एका संध्याकाळी तिनं एका बोटीचं छत संपवलं होतं. ते घडी करून दाराशी ठेवलं, हात धुतले, दिवा मालवला. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबून ती मागे वळली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही, झोपेतच गेली. पण तेव्हा जिन्यावर ती नेहमीसारखीच होती, थोडी दमलेली, भूक लागलेली. मी अजून खालच्या खोलीत पुस्तकं गोळा करत होते.

"मशीनवर कापड टाक गं," ती म्हणाली. "धूळ बसते."