हंसाबाईंचा मांडव आणि बत्तीस मुलींचं कार्ड

जूचंद्रच्या हंसाबाई भोईर रांगोळी काढतात, असं लोक अजून म्हणायचे. पण खरं सांगायचं तर दोन वर्षं झाली, हंसाबाई रांगोळी ओरडत होत्या. गुडघे गेले होते. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जिचं अर्धं आयुष्य जमिनीपासून वीतभर उंचीवर गेलं, तिला हे सांगणं म्हणजे बगळ्याला सांगणं, बाबा रे, चिखलात पाय घालू नकोस. मग गावच्या हॉलमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर हंसाबाई आणि खाली गावातल्या पोरी.

"ए, नाकाची सावली उजवीकडं! उजेड काय तुझ्या घरातून येतो?"

पण दुसऱ्यांचे हात हलवून आपल्या हातांची खाज थोडीच जाते? एक दिवस त्या रिक्षा करून माणिकपूरला गेल्या आणि ऑगस्टीनच्या दुकानात शिरल्या. खाली कम्प्युटर विकायचे, वर माळ्यावर क्लास. विकणाराही तोच, शिकवणाराही तोच.

"मुलाच्या अ‍ॅडमिशनचं विचारायचंय का, ताई?"

"मुलाच्या नाय. माझ्या."

"टायपिंग?"

"टायपिंग कशाला? ते टीव्हीवर आख्खं घर गरागरा फिरवून दाखवतात ना, ते."

कॉलेजच्या पोरांमध्ये बसून हंसाबाई वर्षभर थ्री-डी शिकल्या. माऊस पहिला महिनाभर त्यांच्या हातात उंदरासारखाच पळाला. पण उजेड कुठून येतो, सावली कुठं पडते, गोल खांब गोल का दिसतो, हे सांगायची वेळ आली की ऑगस्टीन फळ्यावरून बाजूला व्हायचा आणि म्हणायचा, "हंसाताई, या जरा, तुम्हीच सांगा यांना."

आणि मग जयवंत आला. आचोळ्याला त्याचं गोडाऊन. लग्नाचे मांडव, कमानी, खांब, झुंबरं. लोक अल्बम बघून कंटाळले होते. "हे दुसऱ्याच्या लग्नाचं झालं, आमच्या अंगणात कसं दिसेल ते दाखवा," म्हणायचे. पार्टीच्या घरी लॅपटॉप घेऊन जाईल आणि सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचाच मांडव फिरवून दाखवेल, असं माणूस त्याला हवं होतं.

"तीन आठवड्यांनी, रविवारी लोपीसांकडे जायचंय," जयवंत म्हणाला. "त्यांच्या सुझानचं लग्न आहे नाताळानंतर. अंगणाचे फोटो देतो; लोपीसबाईंना भरगच्च शेवंती हवीय. तुमचा मांडव त्यांना पटला, तर पुढचा सगळा सीझन तुमचा. नाही जमलं, तर बोरिवलीचा एक जण माझ्या मागे लागलाच आहे."

हंसाबाईंनी मान हलवली. खुर्चीवर बसून स्वतःच्या हातानं करता येईल असं एवढं एकच काम त्यांच्यासमोर आलं होतं. हे गेलं तर पुन्हा नुसतं ओरडणं.

क्लासच्या कम्प्युटरवर त्यांनी मांडव तुकड्यातुकड्यांनी रचला. आज एक खांब, उद्या कमान, परवा झालर. आणि भिशी लागल्या लागल्या नवऱ्याला, शत्रुघ्नभाऊंना, सोबत घेऊन त्या लॅपटॉप घ्यायला निघाल्या.

ऑगस्टीनच्या काउंटरवर दोन लॅपटॉप. एक लाल, चकचकीत; त्याच्यावर चिकटवलेलं 'ग्राफिक्स १ जीबी'. दुसरा काळा, जाडा, ट्रंकेच्या झाकणासारखा. ग्राफिक्स नुसतं '२५६ एमबी'.

"हे काय बघायचं?" शत्रुघ्नभाऊ म्हणाले. "एक जीबी म्हंजे हजार. हजार कुठं नि अडीचशे कुठं! हंसे, लाल घे नि चल."

"काका, थांबा," ऑगस्टीन हसला. "त्या एक जीबीतली कार्डाची स्वतःची मेमरी दोनशे छप्पनच. बाकीची तो लॅपटॉपच्या मोठ्या मेमरीतून उसनी आणतो, लागेल तेव्हा."

"म्हंजे शेजारनीचा हार घालून फोटो काढायचा," हंसाबाई म्हणाल्या.

"पन फोटो तर येतो ना?" शत्रुघ्नभाऊंनी हट्ट सोडला नाही.

"येतो, काका. पण प्रत्येक फोटोला हार मागायला शेजारी पळावं लागतं. त्यात वेळ जातो."

त्यानं दोन्ही कार्डांची माहिती समोर ठेवली. लाल्याला आठ कोअर, काळ्याला बत्तीस.

"कोअर म्हंजे कोन?"

"चित्रातले ठिपके रंगवणारे कामगार समजा. सगळे एकदम कामाला लागतात."

"म्हंजे माझ्या पोरी," हंसाबाईंचा चेहरा उजळला. "इथं आठ, इथं बत्तीस. आनी हे चौसष्ट बिट नि एकशे अठ्ठावीस बिट?"

"ती वाट, ताई. मेमरीतून रंग कामगारांपर्यंत ज्या वाटेनं येतो, तिची रुंदी. काळ्याची दुप्पट."

इथं हंसाबाईंनी कीर्तनात डुलकी लागलेल्या माणसासारखी मान हलवली. समजलं नव्हतं.

"आणि मुख्य म्हणजे लाल्याचं कार्ड खेळाचं, काळ्याचं कामाचं. आपलं थ्री-डीचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालवून, तपासून पास केलेलं असतं. रेघ मध्येच तुटत नाही, चित्र अर्ध्यात बंद पडत नाही."

"पास केलेलं कोनीतरी दुसऱ्यानं," हंसाबाईंनी पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. "माझ्या मांडवानं पास करू दे."

आधी लाल. मांडव उघडता उघडता पडदा काळा झाला आणि तसाच राहिला.

मग काळा. बराच वेळ घुमला आणि उघडला. अख्खा मांडव पहिल्यांदाच एकत्र दिसत होता: कमान, खांब, पांढऱ्या शेवंतीच्या भरगच्च माळा. शत्रुघ्नभाऊंच्या तोंडून "आईशप्पथ!" निघालं. हंसाबाईंनी माऊसनं मांडव फिरवला. तो फिरेना. मग एकदम धाडकन अर्धा फिरला, पुन्हा थांबला, पुन्हा धाडकन.

"धरनीकंप झाला वाटतं," शत्रुघ्नभाऊ पुटपुटले.

ऑगस्टीननं एका माळेपाशी जाऊन बघितलं, अजून जवळ जाऊन बघितलं, आणि डोक्याला हात लावला. "ताई, ही प्रत्येक पाकळी वेगळी केलीत?"

"मग? शेवंती हाय ती."

"सगळ्या फुलांची? सगळ्या खांबांवर?"

"तर काय खोटी फुलं लावू लोकांच्या लग्नात?"

"अहो, एकेक पाकळी म्हणजे कार्डाला दहा-बारा त्रिकोण. मांडव जरा हलवला की सगळे त्रिकोण पुन्हा पहिल्यापासून काढायचे, तेही सेकंदाला पंचवीस-तीस वेळा. तेव्हा कुठं फिरल्यासारखं दिसतं. हे उचलणारं लॅपटॉपचं कार्ड जगात असेल, तुमच्या भिशीत नाही."

"फुलं कमी करनार नाय मी. लोपीसबाईंनी भरगच्च सांगितलाय."

लॅपटॉप न घेताच दोघं परत निघाली. रिक्षात शत्रुघ्नभाऊंनी समजूत काढली.

"जाऊ दे ना. बोरिवलीवाल्याला करू दे. आपन आपलं भात कापू."

"या गुडघ्यांनी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवाळीच्या रांगोळीचा सराव होता. खुर्चीवर बसून हंसाबाई बघत होत्या. रांगोळी एवढी मोठी की मध्ये जायला कडेपासून एक फळी टाकलेली. फळीवरून रंगाची ताटं आत जायची, रिकामी बाहेर यायची. हंसाबाईंच्या लक्षात आलं, आतल्या पोरी निम्मा वेळ नुसत्या बसल्यात. हात आहेत, कोपऱ्यात रंगाची पोती भरलेली आहेत, पण फळीवर दोघी समोरासमोर आल्या की एक मागं सरते.

"अगं, दुसरी फळी टाका! शेजारी शेजारी!"

दुसरी फळी पडली आणि काम सुरळीत चालू झालं. हंसाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "एकशे अठ्ठावीस!" पोरींनी एकमेकींकडं बघितलं. मावशी गेली कामातून.

म्हणजे काळाच लॅपटॉप बरोबर होता. पण मांडव अडत होता तो अडतच होता. एवढ्यात त्यांचं लक्ष वरच्या कोपऱ्यात गेलं. तिथं दिपिका, त्यांच्या दिराची मुलगी, लांबच्या झाडाचं एकेक पान चिमटीनं भरत बसली होती. चेहऱ्याचा डोळा अजून कोरा, आणि ही पानांना शिरा काढतेय!

"ए दिपिका! तिथं कोन बघनार हाय? उठ, दारात जा, दारातून बघ काय दिसतंय! लांबच्या झाडावर नुसता रंग फिरवून टाकायचा नि जीव ओतायचा तो..."

हंसाबाई तोंड उघडं टाकून बसल्या.

"डोळ्यात ओतायचा," दिपिकानं वाक्य पुरं केलं. "माहीत हाय. पन काय झालं, काकी?"

"माझं मीच ऐकलं, बाई," हंसाबाई म्हणाल्या आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

दोन दिवस त्या ऑगस्टीनच्या माळ्यावर होत्या. समोरची कमान तशीच ठेवली, पाकळी अन् पाकळी. मागच्या खांबांवरच्या माळा काढून त्या जागी सपाट पट्ट्या लावल्या, आणि पट्ट्यांवर शेवंती रंगवली. कडेला गडद, मध्ये उजेड, फुलाखाली फुलाची सावली. सपाटावर खोली दाखवायची, हे तर त्यांचं जन्माचं काम. मग खाली येऊन काळ्यावर मांडव उघडला आणि फिरवला. पाळण्यासारखा फिरला.

"पॅक कर," हंसाबाई म्हणाल्या. "आनी हे शेवटचं काय? पस्तीस वॉट?"

"कार्ड किती वीज खातं ते. जास्त राबलं की तापतं, पंखा ओरडतो. आणि वायर काढून बॅटरीवर चालवलंत तर हात आखडून काम करतं. उपाशीपोटी."

"वडापाव आला नाय की पोरी करतात तसं."

"अगदी तसं."

रविवारी हंसाबाई आणि जयवंत लोपीसांच्या घरी पोचले; सुझानच्या आईनं, रोझमेरीबाईंनी, पाण्याचा ट्रे आणला. हंसाबाई म्हणाल्या, "पानी नंतर, ताई. आधी प्लग कुठंय सांगा."

सोफ्याजवळ एकच प्लग होता, आणि त्यात टीव्ही होता, आणि टीव्हीवर मॅच होती, आणि मॅचसमोर रॉबर्ट लोपीस होते.

"शेवटच्या ओव्हरी चालू आहेत," रॉबर्ट म्हणाले.

"पोरगी एकच आहे, मॅच रोज असते," रोझमेरीबाईंनी टीव्हीची वायर उपटली.

त्यामुळे रॉबर्ट मुळातच तिरके होऊन बसले. मांडव उघडला, फिरू लागला. रोझमेरीबाई "अय्या, ही आपली विहीर! आपला माड!" करत होत्या. जयवंत हळूच कपाळ पुसत होता. तेवढ्यात रॉबर्ट पुढं वाकले.

"थांबा. त्या मागच्या खांबापाशी न्या बघू."

जयवंतचा हात रुमालासकट कपाळावरच राहिला.

"अजून जवळ."

जवळ गेल्यावर शेवंती पापडासारखी सपाट झाली.

"हे काय? स्टिकर?" रॉबर्ट जयवंतकडं वळले. "म्हणजे लग्नात समोर खरी फुलं आणि मागे कागद चिकटवणार तुम्ही?"

"छे, छे, अंकल! काहीतरीच!"

"मीच केलंय ते," हंसाबाई म्हणाल्या. "जयवंतभाऊंचा दोष नाय. सगळी फुलं खरी काढली तर या मशीनला पेलवत नाय, मांडव फिरत नाय. म्हनून समोर खरी नि मागं रंगवलेली. फक्त इथं, पडद्यावर. तुमच्या अंगनात सगळी शेवंतीच."

"कशावरून?"

"रॉबर्ट," रोझमेरीबाई म्हणाल्या, "आपल्या लग्नात मागच्या खांबाला काय लावलं होतं?"

"काय लावलं होतं?"

"मला काय माहीत! तुलाही माहीत नाही. मागे कोण बघतं?"

"मागे माझे मित्र बसणार," रॉबर्ट म्हणाले. "ऑफिसचे. ते सगळं बघतात, आणि मग वर्षभर बोलतात."

हंसाबाईंनी एकदा त्यांच्याकडं नीट बघितलं. "कुठल्या खांबाशी बसनार ते?"

"हा. डावीकडचा."

"मग ताई, तुम्ही पानी द्या आता."

पाणी पिता पिता त्यांनी त्या एका खांबाची पट्टी काढली आणि तुकड्यांतला जुना, पाकळ्यांचा खांब आणून बसवला. लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागला.

"अरे, हा लॅपटॉप आहे की मिक्सर?" रॉबर्ट म्हणाले.

"राबतोय बिचारा. बघा आता."

मांडव फिरला. किंचित जड, पण न अडखळता. डाव्या खांबापाशी गेला, फुलाला नाक लावावं इतका जवळ. रॉबर्टनी चष्मा वर केला, पाकळ्या बघितल्या, चष्मा खाली घेतला.

"हं. आता बसू दे त्यांना."

जयवंत उठून दाराशी गेला आणि फोनवर दबक्या आवाजात म्हणाला, "नाही हो, तुम्ही बोरिवलीहून येऊ नका आता. माणूस मिळालं मला. हो, सीझनभराचं." हंसाबाईंनी ते ऐकलं आणि मांडव फिरवून पुन्हा समोर आणला.

"आणि सुझान कुठून येणार?" रोझमेरीबाईंनी विचारलं.

"समोरच्या कमानीतून. दाखवू?"

माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर त्यांनी पडद्यातली नजर आणली आणि कमानीतून चालायला लागल्या. डोक्यावरून शेवंती गेली, दोन्हीकडचे खांब मागे पडले, आणि स्टेज आलंसुद्धा.

"परत," रॉबर्ट म्हणाले.

हंसाबाईंनी परत नेलं. कमान, खांब, स्टेज. सुरळीत, झरझर.

"मी असणार ना तिच्याबरोबर," रॉबर्ट म्हणाले. मॅचचं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. "एवढं भरभर नको, बाई. लांब गाऊन आहे तिचा. हळू न्या."

हंसाबाई पुन्हा कमानीबाहेर आल्या, आणि यावेळी हळू निघाल्या.