तांब्याच्या पत्र्यावरची मेंदी

माझ्या बापूजींना ऐकू येत नाही हे परतूरच्या बाजाराला कळायला बरीच वर्षं लागली, आणि त्याचं श्रेय एका पिवळ्या रुमालाला. कापसाचा सौदा तेव्हा हत्त्यानं व्हायचा. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. तोंडातून अवाक्षर नाही. बापूजी कापसाचे अडते. तरुणपण जिनिंगच्या आवारात गेलेलं, सरकी काढणारी यंत्रं दिवसभर कानाशी धडधडायची. कान हळूहळू गेले, पण बोटं तयार होती. लोक म्हणायचे, शेठ फार मोजकं बोलतात.

लहानपणी मी एकदा खेळता खेळता त्या रुमालाखाली हात घातला होता. बापूजींनी तो अलगद बाहेर काढला आणि म्हणाले, "बाई, रुमालाखाली बायकांचा हात नसतो." आमच्यात मुलीलाही बाई म्हणतात. घरात आम्ही मारवाडी बोलायचो, पण आता लिहायला बसले की बापूजीसुद्धा बाजारातल्या मराठीतच आठवतात.

हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो, त्याच्या आगेमागे परतुरात रुमाल बंद झाला आणि उघडा लिलाव सुरू झाला. आता भाव ओरडून बोलायचा. त्या हंगामात बापूजी गाड्यांच्या गर्दीत फेट्याखालून कानाला हात लावून उभे राहायचे आणि लोकांचे ओठ बघायचे. एका दिवशी त्यांनी स्वतःच्याच बोलीवर बोली चढवली. सगळा बाजार हसला. बापूजींना वाटलं, आपली बोली कमी पडली म्हणून लोक हसून राहिलेत, म्हणून त्यांनी आणखी चढवला.

त्या रात्री त्यांचे धाकटे भाऊ, माझे काकाजी, आमच्याकडे आले. बापूजींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "भाईसाब, येत्या हंगामापासून लिलावात मी उभा राहतो. तुम्ही गादीवर बसा, आराम करा." ऐकायला किती मानाचं! पण ज्या माणसानं उभा जन्म गाड्यांमधून हिंडून, कापूस चिमटीत ओढून त्याचा धागा पारखला, त्याला लोडाला टेकवून बसवणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. बापूजी ताटावरून उठून गेले. मला काकाजींचा इतका राग आला की त्यांचा दुधाचा पेला मी मुद्दाम थंड दिला. आणि मनाशी ठरवलं की दसऱ्याला हंगामाचा मुहूर्त होईल तेव्हा लिलावात बापूजीच उभे राहतील.

कानाचं विलायती मशीन घरात होतं, नव्हतं असं नाही. बापूजींनी एकदा मुंबईहून मागवलं होतं. त्यात काचेच्या नळ्या होत्या आणि त्याला लागायची ती खास बॅटरी परतुरात काय, जालन्यातही मिळेना. ते कपाटात मरून पडलेलं होतं. ते उचलून मी आमच्या घराच्या पुढच्या गाळ्यात गेले. तो गाळा रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मिस्तरीला भाड्यानं दिलेला होता. मिस्तरी वाटूरचे, शेतकऱ्याच्या घरातले. बोलणं बढाईखोर आणि डोकं कायम तापलेलं. माझं डोकंही काही थंड नव्हतं, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

त्यांनी मशीन उघडून पाहिलं. "आवाज धरायचा भाग बराबर हाय. कानात घालायचंबी चांगलं हाय. मधलं समदं फेकून द्या ताई. आता ट्रान्झिस्टर आलेत, वाटाण्याएवढे. टॉर्चच्या सेलवर चालत्यात. वाटूरलाबी सेल मिळतो."

त्यांनी हैदराबादेहून ट्रान्झिस्टर मागवले, तारा जोडल्या आणि ते सगळं साबणाच्या डबीत बसवलं. बापूजींनी कानात घातलं आणि दचकले. अंगणात भांडी पडल्याचा आवाज होता तो. मला आनंदानं रडू आलं. पण दुसऱ्याच दिवशी ते गाडीवर वाकले, खिशातली डबी दबली, आतल्या तारा एकमेकींना टेकल्या आणि कानात नुसती खरखर. मिस्तरींनी परत डाग देऊन तारा जोडल्या, परत तुटल्या. बापूजींनी डबी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "रहने दे, बाई."

"बिलकुल नाही," मी म्हटलं. त्यांना ते ऐकू आलं नाही, पण माझा चेहरा दिसला असावा.

त्याच आठवड्यात मिस्तरींकडे एक नवा परदेशी रेडिओ दुरुस्तीला आला, हातात धरायचा. त्यांनी मला हाक मारली. आत तारा नव्हत्याच. एक पातळ पाटी होती आणि तिच्यावर तांब्याच्या रेघा, जणू छापलेल्या. सगळे भाग त्या रेघांवर बसवलेले.

"ह्याच्यात तार न्हाईच, तर तुटंल काय?" मिस्तरी म्हणाले. "पर हे फॅक्टरीतलं काम. तांब्याचा पत्रा पाटीवर चिकटवत्यात, पाहिजे त्या जागी रंग छापत्यात आन् तेजाबात टाकत्यात. रंगाखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. आपल्याला कोण छापून देतंय?"

मी ती पाटी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. वळणं, मधल्या मोकळ्या जागा, कुठे बारीक, कुठे भरीव. आमच्या गल्लीत लग्न असलं की नवरीच्या हातावर मेंदी मीच काढायची. तेव्हा कोन नव्हते, काडीनं काढायची. मी म्हटलं, "मिस्तरी, तुम्ही नकाशा द्या. छापायची गरज नाही. मी काढते."

ते हसले. मग म्हणाले, भाग एका बाजूनं बसतात आणि रेघा दुसऱ्या बाजूला, म्हणून नकाशा उलटा काढावा लागेल, जमणार नाही. आता मी हसले. डाव्या तळहातावरची मेंदी उजव्यावर उलटीच काढायची असते, आणि तीही समोर बसलेल्या नवरीच्या बाजूनं.

मग मी पदर खोचला. पूजेच्या दुकानात यंत्र कोरायचा तांब्याचा पातळ पत्रा मिळायचा, तो कोरा आणला. दुकानदारानं विचारलं कोणतं यंत्र, तर मी म्हटलं, कान उघडायचं. त्यानं श्रद्धेनं हात जोडले. तो पत्रा रेडिओच्या जुन्या पाटीवर वार्निशनं चिकटवला आणि पाट्याखाली दाबून वाळवला. रंगासाठी रस्त्याचं डांबर घासलेटात पातळ केलं आणि त्यानं पत्र्यावर काडीनं नकाशा काढला. तेजाब सोनाराकडून आणलं. पाण्यात घालून परसात ठेवलं आणि पाटी त्यात सोडली, तर त्यातून असा तांबूस धूर निघाला की शेजारणीनं खोकत खोकत माझ्या मांचा उद्धार केला.

पहिली पाटी वाया गेली. डांबर पातळ झालं होतं, तेजाब त्याच्याखाली शिरलं आणि रेघा कुरतडल्यासारख्या झाल्या. मेंदी हाताला धरत नसली की आम्ही तिच्यात चिंचेचं पाणी घालतो. डांबरात काय घालावं? मिस्तरींच्या डाग द्यायच्या सामानात राळ होती. ती डांबरात वितळवली आणि ते चिकट झालं. दुसऱ्या पाटीच्या रेघा स्वच्छ निघाल्या, पण मिस्तरींनी डाग देताना तापतं लोखंड टेकवून ठेवलं आणि तांबं पाटीवरून सुटलं. त्यावरून आमचं भांडण झालं. मी म्हटलं, डाग जल्दी द्या. ते म्हणाले, मला शिकवू नका. पुढच्या वेळी त्यांनी जल्दीच दिला, पण कबूल केलं नाही.

एव्हाना माझ्या बोटांची टोकं पिवळी पडून कडक झाली होती. तेजाबाचा डाग धुतला तरी जात नाही. मांनी कपाळाला हात लावला. मला बघायला पाहुणे येणार होते. "ही बोटं पाहून ते काय म्हणतील?" मी म्हटलं, हळद लागली म्हणा. मां महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

तिसरी पाटी सुरेख झाली. इतकी सुरेख की ती तेजाबात घालताना मला वाईट वाटलं. मुहूर्त जवळ आला होता. मिस्तरींनी सगळे भाग बसवले, सेल घातला, बापूजींच्या कानात दिलं. काहीच नाही. सेल तापला. ट्रान्झिस्टरला बोट लावलं तर चटका बसला. मिस्तरींनी घाईघाईनं सेल काढला आणि पाटी उजेडात धरून एकेक रेघ तपासली.

"ही गाठ कुणी मारली?"

एका कोपऱ्यात एक रेघ अर्ध्यावर संपायला हवी होती. मी तिला वळण देऊन, टोकाला टिकली देऊन शेजारच्या रेघेला टेकवलं होतं. मला आठवतही नव्हतं. हातानं आपोआप केलं होतं. आमच्यात मेंदीच्या वेलीचं टोक उघडं सोडत नाहीत. उघडं सोडलं तर नवरीचं सुख निघून जातं म्हणतात.

"वेल उघडी ठेवत नसतात," मी हळूच म्हटलं.

मिस्तरींच्या डोक्यात राख गेली. "वीज काय नवरीच्या हातावरून जाऊन राह्यली का? तिला एक वाट पाहिजे, तुम्ही दोन करून दिल्या! जळाला ट्रान्झिस्टर. आता मुहूर्ताला काय न्हाई होत."

ती जोडलेली टिकली चाकूनं खरवडायला क्षणभर लागला. पण नवा ट्रान्झिस्टर हैदराबादेहून रेल्वेनं यायचा होता, आणि तो मुहूर्तानंतरच आला. मुहूर्ताच्या दिवशी काकाजी नवा फेटा बांधून लिलावात उभे राहिले. बापूजी गादीवर बसले होते, लोडाला न टेकता, ताठ. त्या दिवशी मला स्वतःच्या हाताचा आणि सगळ्या वेलींचा संताप आला. संध्याकाळी मी माळ्यावर बसून कोरा पत्रा घेतला आणि सगळी पाटी पुन्हा काढली. खरवडलेली चालली असती, पण मला ती नको होती. प्रत्येक रेघ जिथे उघडी राहायला हवी तिथे दात-ओठ खाऊन उघडी सोडली. हात पुढे जाऊ पाहायचा, मी तो मागे ओढायची.

ट्रान्झिस्टर आला. मिस्तरींनी बसवला. बापूजींनी कानात घातलं, डबी खिशात टाकली आणि मुद्दाम वाकले, उठले, पुन्हा वाकले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू इतक्या जोरात श्वास का घेतीस?"

लिलावात मी जाणं शक्यच नव्हतं. पुढचं मिस्तरींनी सांगितलं. डबी बिघडली तर म्हणून ते मागे गेले होते. काकाजी बोली बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात बापूजी त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "बहिरोबा आले. आता ढोल वाजवून भाव सांगा." बापूजींनी मान वळवली. "ढोल कशाला? हळू बोला, ऐकू येऊन राह्यलंय." मग त्यांनी बोली लावली, एकदाच, आणि कापूस त्यांचा झाला. काकाजी बाजूला सरकले. मिस्तरी हे सांगताना असं सांगत होते की जणू ती बोली त्यांनीच लावली होती, आणि मी त्यांना सांगू दिलं.

संध्याकाळी बापूजी गादीवर येऊन बसले. काकाजी समोर होते, तोंड पाडून. मी पाणी घेऊन गेले तर बापूजींनी थांब म्हणून खूण केली. "जिनिंगात काम करणाऱ्यांचे कान गेलेत, बाई. बाजारात मला विचारून राह्यले. अशी आणखी मशीनं होतील का?"

"होतील."

"हंगाम संपेपर्यंत किती?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी मान हलवली. खिशातून तो जुना पिवळा रुमाल काढला, झटकला आणि स्वतःच्या हातावर टाकला. "हात दे."

मी काकाजींकडे पाहिलं. मग रुमालाखाली हात घातला. बापूजींनी माझी दोन बोटं दाबली. दोन मशीनं. माझा पारा चढला. मी त्यांची पाचही बोटं मुठीत धरली आणि घट्ट दाबली.

"इतकी?" ते ओरडले. ऐकू यायला लागलं होतं तरी ओरडायची सवय गेली नव्हती. त्यांचा अंगठा माझ्या बोटांच्या टोकांवरून फिरला, जिथे तेजाबानं कातडी कडक झाली होती तिथे थांबला. कापूस पारखताना थांबायचा तसाच. मी हात मागे घेतला नाही.

बापूजींनी रुमाल ओढून काढला. माझी पिवळी बोटं त्यांच्या हातातच होती. ती काकाजींसमोर धरून ते म्हणाले, "सौदा पक्का."