शेजारच्या पाहुण्यांना सांदणे

लग्न होऊन मी मुंबईला निघाले तेव्हा आई रत्नागिरीच्या बंदरापर्यंत आली होती. आगबोट खोल पाण्यात उभी होती. तिच्यापर्यंत नेणाऱ्या पडावात मी बसेपर्यंत आई एकच सांगत होती, "शेजार धरून राहा. अडीनडीला माहेर धावत नाही, शेजार धावतो." गिरगावच्या चाळीत मी तसेच केले.

पुढे आमच्या वाडीत जे बदलले ते गावात राहिलेल्यांनी रोज पाहिले. आम्हा बाहेर पडलेल्यांना ते सुट्टीत कळले. तीस सालाच्या सुमारास मुंबईची माणसे मे महिन्यात हवापालटाला येऊ लागली. वाडीत घरोघरी एक खोली भाड्याने जाऊ लागली. चार पैसे आले, कौले बदलली गेली. त्याला मी नावे ठेवणार नाही. विहिरीवर मात्र आपल्याच बायका पाहुण्यांच्या आंघोळी उरकायची वाट पाहत उभ्या राहत.

एका घरचा पाहुणा तो साऱ्या वाडीचा, शेजारणीने त्याला काहीतरी करून पाठवायचे, ही जुनी रीत. त्या रीतीने आईने शेजारच्या गंगूकाकूंच्या पाहुण्यांना फणसाच्या रसाची सांदणे वाफवून पाठवली. पुढच्या मे महिन्यात ते कुटुंब थेट आईच्या दारात उतरले, आणि आईने ठेवून घेतले.

"माझी गिऱ्हाइकं पळवलीन्," काकू वाडीभर सांगत सुटल्या. पाहुण्याला गिऱ्हाईक म्हटलेले मी प्रथमच ऐकले.

वडील गेल्यापासून आई घरात एकटी. त्या पावसाळ्यात ती तापाने निजून होती, तरी काकूंकडून पेजेची वाटी आली नाही. हे मला काळजीचे वाटले.

पुढच्या मे महिन्यात गेले, तर माझ्या खोलीत तेच मुंबईकर. मी वळकटी उचलून काकूंच्या ओटीवर टाकली. "काकू, निजायला जागा द्या."

"हवा चांगली आहे हो इथली," काकू म्हणाल्या. "तुम्हां मुंबईकरांना परवडायची नाही."

मग त्यांनी चटई अंथरली, पदर खोचला आणि तरातरा आईच्या दारात गेल्या. "पोटच्या पोरीला जागा नाही, नि पाहुणे कसले ठेवतेस गो?"

"तुझ्याकडे निजली तर ओटी झिजते काय तुझी?" आईचा आवाज आला.

वर्षभरात दोघी प्रथमच बोलत होत्या. मी चटईवर आडवी झाले आणि कूस बदलून झोपले.

वाडी पूर्वीसारखी झाली नाही, व्हायचीही नाही. मी मात्र अजून काकूंकडेच उतरते आणि त्यालाच माहेर म्हणते. आई दिवसातून चारदा तिथे येते, भांडायला.