आमच्या ह्यांची नलू

आता हे सांगू की नको, असं करत मी बरेच दिवस काढले. पण शकीलभाईंनी निम्म्या नांदेडला सांगून टाकलंय. उरलेल्या निम्म्यांना माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

मी उदगीरची. लग्न होऊन नांदेडला आले, त्याला अजून वर्षही झालेलं नाही. स्वभावानं गप्प. लोकांना वाटतं, काय गुणी सून मिळाली. अहो, गुणी कसली? न बोलणारा माणूस कान देऊन ऐकत असतो, एवढंच. आणि ऐकलेलं खरं का खोटं, हे विचारायची त्याला हिंमत नसते.

आमचे हे एका व्यसनमुक्ती केंद्रात काम करतात. नशेच्या गोळ्या, इंजेक्शनं यांच्या नादी लागलेली पोरं तिथं येतात. त्यांची नशा सोडवायची कशी आणि सुटेपर्यंत त्यांना जिवंत ठेवायचं कसं, यावर ह्यांचं नेपाळ, केनिया, पोर्तुगाल अशा देशांतल्या लोकांशी कॉम्प्युटरवर बोलणं चालतं. नशेचा माल काही पासपोर्ट काढून फिरत नाही, मग उपाय तरी आपापल्या घरात दडवून का ठेवायचे, असं ह्यांचं म्हणणं. मला पटायचं. अभिमानही वाटायचा. नलू मधे येईपर्यंत.

पहिल्यांदा तिचं नाव ऐकलं ते फोनवर. पलीकडे शकीलभाई, म्हणजे ह्यांचे केंद्रातले जोडीदार. हे म्हणाले, "नलू होती म्हणून निभावलं. न्हाईतर काल काही खरं नव्हतं."

मी दोडका चिरत होते. चिरतच राहिले. त्या दिवशी भाजीऐवजी चटणी झाली.

मग रोजच सुरू झालं. नलूला हाताशी ठेवा. नलूशिवाय वस्तीत जाऊ नका. इतक्या मायेनं ह्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं, माझं अजून "अगं ऐक"वरच भागत होतं. एकदा चहा द्यायला गेले, तर स्क्रीनवरच्या नेपाळच्या दीदी हिंदीत सांगत होत्या, "हर घर में एक नलू होनी चाहिए." हे जोरजोरात मान हलवत होते. म्हणजे घरात आणलेली मी मोजण्यातच नव्हते का?

शेवटी भाकरी थापता थापता आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, सहज विचारल्यासारखं विचारलं, की ह्यांच्या ओळखीत कुणी नलू आहे का.

"नलू? मुदखेडची व्हय?" आत्या लगेच खुलल्या. "तुझ्या आधी तिलाच बघून आलतो आम्ही. लई गोरीपान पोरगी. पत्रिका जमली न्हाई म्हणून, न्हाईतर..."

आणि माझ्याकडं बघून थांबल्या. बोलल्या असत्या तर इतकं लागलं नसतं.

त्या दिवसापासून मला मुदखेड सहन होईना. दारावरून मुदखेडची पाटी लावलेली जीप गेली तरी मी खिडकी लावून घ्यायचे. आरशात बघून हळद-बेसन लावलं. काही फरक पडला नाही, फक्त गळ्याशी पिवळी दिसायला लागले.

मग एक दिवस डब्याचं निमित्त केलं, लग्नातली चांगली साडी नेसले आणि ऑटोनं केंद्रावर गेले. दारातच शकीलभाई. मी घसा साफ करून एवढंच विचारलं, "नलू आहे का आत?"

शकीलभाईंचा चेहरा पांढराफटक. ते आत तोंड करून ओरडले, "सर! नलू!"

बघा! मला वाटलं, ह्यांना सावध करून राहिलेत.

आतून धडधड पावलं आली. हे एक डबा घेऊन धावत सुटलेले. "कोण पडलंय? श्वास चालू हाय का?"

"मला काही सांगू नका," मी म्हणाले. लग्न झाल्यापासूनचा माझा सगळ्यात मोठा आवाज होता तो. "मुदखेडच्या नलूला बाहेर काढा."

"मुदखेडला कोण पडलं?"

"मी काय विचारते? कुठं ठेवलंय तिला?"

ह्यांनी गोंधळून हातातला डबा उघडला. आत अंगठ्याएवढी काचेची कुपी आणि शेजारी सुई. औषधाचं नाव नालोक्सोन. अफूच्या जातीची नशा जास्त होऊन श्वास थांबायला लागला, की हे टोचायचं, माणूस परत श्वास घ्यायला लागतो. घाईत एवढं नाव जिभेवर येईना म्हणून शकीलभाईंनी त्याची नलू केली, आणि ह्यांनी ते लाडाचं नाव तीन देशांत पोचवलं.

हे सगळं त्या तीन देशांसमोरच चाललं होतं. दारासमोरच्या कॉम्प्युटरवर मीटिंग सुरूच होती. नेपाळच्या दीदींनी काय झालं ते विचारलं. शकीलभाईंनी इमानेइतबारे सांगितलं. दीदी हसल्या, पोर्तुगालच्या बाई हसल्या. केनियाच्या डॉक्टरांकडं नेट मंद होतं, त्यांचं हसू सगळ्यांच्या मागून आलं आणि बराच वेळ पडद्यावर तसंच अडकून राहिलं.

परतताना गाडीवर मी मागं बसून ह्यांची पाठ बघत होते. औषधावर जळणारी बाई मराठवाड्यात मी पहिलीच असेन. पण मन हलकं झालं होतं. बाई नव्हतीच कुणी.

ह्यांनी मान वळवून विचारलं, "पण तू मुदखेड मुदखेड काय करून राहिली होतीस?"

मी मोकळ्या मनानं सगळं सांगितलं. तुम्ही बघून आलेली ती मुलगी, गोरीपान, पत्रिका न जमलेली.

मग गाडीचा वेग आपोआप कमी झाला.

"अरे हाव की," हे म्हणाले. "तिचं नाव नलू होतं. मी तर पार विसरून गेलतो तिला."