वावधन आणि बियाण्याची मिरची

माझ्या थोरल्या जावेला मी आयुष्यभर पाण्यात पाहिलं, हे सांगायला आता मला कुणाची भीती नाही. दिसायला बरी, कामाला वाघीण, वर बोलायला गोड. दोष काढायला जागाच ठेवायची नाही. तेच मला सहन व्हायचं नाही.

आमच्या कोरीट गावच्या घरात एक रीत होती. मिरची वाळत घालायची पथारी दोघी सुनांची वेगळी. सासूबाई दोन्ही बघायच्या आणि एकीच्याच मिरचीतून बियाणं निवडायच्या. ते चुलीवर धुरात टांगलं जाई आणि पुढच्या साली सगळे भाऊबंद तेच लावत. दरवर्षी बियाणं थोरलीचं! त्या साली मात्र माझ्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या, आणि मिरची अशी लाल झाली की येणारा-जाणारा थांबून बघे. निवड रविवारी होती. यंदा माझंच बियाणं निवडलं जाणार, या विचारानं मला जेवण गोड लागत नव्हतं.

शनिवारी आमचे हे नंदुरबारहून आले ते घाबरेच. तिथल्या एका अत्तरवाल्याच्या दुकानात नवा रेडिओ आला होता. समुद्रातलं मोठं वावधन, म्हणजे वादळ, काठेवाडच्या किनाऱ्यावर चढलं होतं. उद्या ते गुजरातेतून खानदेशात येणार, इथे धो धो पाऊस, माळव्यात वारा, पार दिल्लीपर्यंत ढग. दिल्लीच्या ढगांचं मला काय लोणचं घालायचं होतं? मी लगेच मिरचीचा ढीग घालायला घेतला आणि वर गोणपाट टाकले.

थोरली तिच्या पथारीवरून म्हणाली, "ढीग नको करू वं, मिरची वली शे. तपी जाई."

ओली म्हणे, तापेल म्हणे! हिला माझी मिरची भिजायला हवी आहे, दुसरं काय!

"तुन्ही तू देख," मी म्हटलं. तिनं तिची पसरलेलीच ठेवली.

रविवारी आभाळ काळं झालं, वारा सुटला, चार थेंब पडले आणि संपलं. एवढं मोठं वावधन, पण जमिनीवर चढलं आणि गुजरातेतच दमलं. त्या वाऱ्यानं थोरलीची मिरची खडखडीत वाळली. माझ्या गोणपाटांखालून आंबूस वास येऊ लागला. तरी मी ते उचलले नाहीत, ती बघेल म्हणून.

शेवटी तीच आली. तिनं गोणपाट फेकले, ढिगात हात घातला आणि चटका बसल्यागत मागे घेतला. मग स्वतःची मिरची एका कडेला लोटून माझी तिच्या पथारीवर पातळ पसरत गेली. मधली पांढरी पडली होती, कडेची वाचली. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दिवस मावळायच्या आत सासूबाई आल्या. सवयीनं त्या थोरलीच्या मिरचीपाशीच वाकल्या.

"आत्याबाई, धाकलीनी ल्या," थोरली म्हणाली. "रंग देखा."

सासूबाईंनी माझ्या मिरच्या उजेडात फिरवून बघितल्या, पदरात घेतल्या, आणि थोरलीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

पुढच्या साली सगळ्या भाऊबंदांच्या वावरात माझं बियाणं लाल झालं. तोडणीला बसलेल्या बाया माझ्यादेखत एकमेकींना सांगत, "हाई थोरलीनी वाचाडेल मिरची शे."