दही-साखर आणि स्पॅनिशची तोंडी परीक्षा

मुलीला पुण्याच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती. अट एकच, स्पॅनिशची तोंडी परीक्षा पास होऊन दाखवायची. त्यामुळे अमरावतीच्या आमच्या स्वयंपाकघरात मी पुस्तक धरून प्रश्न विचारायचो आणि ती मेथी निवडता निवडता उत्तरं द्यायची.

भाषा मला हिशेबी वाटली. कुटुंब, गर्दी, लोक, आत माणसं कितीही असोत, क्रियापद एकवचनी. भूतकाळ मात्र दोन: घडून संपलेल्याचा एक, चालू असलेल्या किंवा नेहमी घडायच्या गोष्टींचा दुसरा. भूतकाळाचं मला पटलं. कुटुंबाचं नाही. आमच्या घरात माणसं चार आणि भाजी कोणती करायची यावर मतं पाच.

परीक्षा घरीच, कॉम्प्युटरवर. खोलीत दुसरं माणूस दिसलं तर परीक्षा रद्द होऊ शकते, हा नियम मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्याकडे मान हलवणे म्हणजे ऐकू आले, एवढाच अर्थ.

परीक्षा सुरू झाली आणि अकोल्याहून माझी थोरली बहीण येऊन पोचली. शाळेपासून प्रत्येक परीक्षेआधी भाचीला दही-साखर तीच भरवते.

"पोरगी तशीच बसली पेपरले?"

"ताई, आत जायचं नाही. नियम आहे."

"मी काय उत्तरं सांगून राहिली तिले? सरक."

मी सरकलो. तिने चमचा थेट मुलीच्या तोंडात घातला. पडद्यावरच्या परीक्षक बाई बोलता बोलता थांबल्या. एकटीलाच खाऊ घातलं हे बहिणीला बरं दिसेना. तिने वाटी कॅमेऱ्यापुढे धरली. "तुमी बी घ्या ना, बाई."

काय झालं, असं परीक्षकांनी विचारलं असावं. मुलीने घास गिळला आणि स्पॅनिशमध्ये सांगितलं: मी बोलत होते, आत्या आली, तिने दही भरवलं, लहानपणापासून भरवायची. दाराशी उभा राहून मी क्रियापदं तपासली. दोन्ही भूतकाळ जागच्या जागी होते. परीक्षक हसल्या, पण हा प्रकार वर कळवावा लागेल, असंही म्हणाल्या, हे मुलीने नंतर सांगितलं.

निकाल येईपर्यंत बायको नणंदेशी बोलली नाही. नणंद अकोल्याला परतही गेली नाही. "त्या बाईले दही माहीतच नसन, नाहीतर काहून तक्रार केली असती?" हे तिचं अपील, रोज दोन्ही जेवणांना.

शेवटी मेल आला. मुलगी मोबाइल घेऊन खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. आमच्या घरात दिवसा कडी लावायची पद्धत नाही. दाराबाहेर आम्ही सगळे.

"पास का नापास, एवढं तं सांग व माय!"

आतून आवाज आला, पण तो आमच्याशी नव्हता. ती पुण्याच्या ऑफिसशी बोलत होती. "हो, पास झाले. एक तारखेला रुजू होते." फोन ठेवल्यावरच तिने दार उघडलं.